पहिल्या खोक्यात काय घालू?

दिल्लीतल्या वकिलातींबद्दल तुम्ही जे वाचता, ते सगळं बैठकीच्या खोलीतलं असतं. मी आतपर्यंत गेलेला माणूस आहे. राजदूतांच्या कपाटांत, त्यांच्या पलंगांखाली, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे बायकांनी नवऱ्यांपासून लपवलेली बिस्किटं असतात. एका युरोपीय राजदूताच्या पलंगाखाली मला रिक्षाचे अकरा भोंगे सापडले होते, जुने, रबरी फुग्याचे. त्याने ओठांवर बोट ठेवलं. मी यादीत लिहिलं, 'वाद्ये, अकरा नग.' पों वाजतं ते वाद्यच की.

तर माझा धंदा असा. परदेशी लोकांची बदली झाली की त्यांचं घर बांधून जहाजात किंवा विमानात चढवणाऱ्या कंपन्या असतात. त्यातल्या एकीत मी सव्वीस वर्षं आहे. आधी एक दिवस जाऊन घरभर फिरायचं आणि सामान किती आहे याचा अंदाज घ्यायचा. मग बांधाबांधीच्या दिवशी आमचा फोरमन हरपाल आणि त्याची माणसं बांधतात, आणि मी वही घेऊन यादी लिहितो. खोक्याचा नंबर, आत काय आहे, आणि पुढे एक शेरा: जुने की नवे. वापरलेल्या घरगुती सामानाला बहुतेक देश कर लावत नाहीत, नव्याला लावतात, म्हणून हा शेरा. (खोका म्हटलं की हल्ली महाराष्ट्रातली मंडळी भलतंच हसतात. माझा खोका पुठ्ठ्याचा.)

हरपाल पानिपतचा. फर्निचर गुंडाळायला लागणारी जाड, स्वस्त ब्लँकेटं आम्ही तिथूनच आणतो, आणि दर वेळी टेम्पो उतरवताना तो मला विचारतो, "मराठा साहब, इस बार जीत के लौटे?" अडीचशे वर्षं उलटून गेली, त्याचा विनोद काही जुना होत नाही.

आमच्या धंद्यात 'पहिला खोका' नावाची एक पद्धत आहे. हा खोका सगळ्यात शेवटी भरतात, दाराशी ठेवतात आणि नव्या घरी सगळ्यात आधी उघडतात. बाकीचं सामान लागेपर्यंत माणसाला जगायला काय हवं, तेवढंच त्यात असतं: किटली, दोन कप, चादर, साबण, दिवा. मी प्रत्येक घरात विचारतो, पहिल्या खोक्यात काय घालू? उत्तरं ऐकायला मजा येते. एका बाईंनी फक्त कुत्र्याची गादी घातली. एक ब्रह्मचारी सल्लागार होता, त्याने पोळपाट-लाटणं घातलं आणि लाजला.

इतकी वर्षं पाहून माझा एक सिद्धांत झाला होता. ज्याला मनापासून घरी जायचंय, त्याच्या पहिल्या खोक्यात वापरातल्या वस्तू असतात. कान तुटलेला कप, टाच झिजलेली चप्पल. ज्याला जायचं नसतं, तो नव्या वस्तू घालतो, कारण त्या घरात आपण राहणार आहोत हे त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही. हा सिद्धांत मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या अतिथिगृहात उतरलेल्या यूपीएससीच्या मुलांना सांगायचो, दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत सांगायचो, हातवारे करून, आवाज बदलून. सांगता सांगता त्यात 'मी आजवर एकदाही चुकलेलो नाही' हे वाक्य कधी शिरलं, ते मलाही आठवत नाही. अलका, म्हणजे माझी बायको, म्हणते, "सगळ्यांच्या सामानाला झाकण लावता, तेवढं तोंडाला राहिलंय."

हाच सिद्धांत मी एकदा एका वकिलातीतही सांगितला.

त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. लाल झेंडा, कडाक्याची थंडी, आणि प्रत्येक भिंतीवर एकाच माणसाचा फोटो. हे सर्वोच्च नेते इतकी वर्षं सत्तेवर होते की मी कंपनीत लागलो तेव्हाही त्यांचा फोटो तोच होता. वकिलातीचा प्रशासकीय अधिकारी मे महिन्याच्या उन्हातसुद्धा काळी छत्री घेऊन फिरायचा. आम्ही त्याला छत्रीसाहेब म्हणायचो. एकदा बिलाच्या कामाला गेलो असताना त्याने चहा दिला. समोर तीन-चार जण होते, मला प्रेक्षक दिसले, मी सुरू झालो. सगळे हसले. छत्रीसाहेब हसला नाही. त्याने इंग्रजीत एवढंच विचारलं, तुम्ही किती वेळा चुकलात? मी छाती पुढे काढून म्हणालो, कधीच नाही.

तीन वर्षांपूर्वी ते सर्वोच्च नेते वारले.

बातमी आधी कळली ती झेंड्यावरून. सकाळी झेंडा अर्ध्यावर होता, दुपारी पूर्ण वर गेला, संध्याकाळी पुन्हा अर्ध्यावर आला. तिकडून कोण आदेश देतंय हेच इथे कळत नव्हतं. पक्षाचे सरचिटणीस म्हणत होते मी वारस, सेनापती म्हणत होते मी. राजधानीच्या चौकात लोक जमले, आधी फुलं घेऊन, मग घोषणा देत, मग सैन्य आलं. आपल्या टीव्हीवर अर्धा मिनिट दाखवलं आणि क्रिकेट लावलं. राजदूतांना सल्लामसलतीसाठी बोलावलं, ते गेले, आणि त्यानंतर त्यांचं नाव वकिलातीत कोणी घेईना. जणू त्या खोलीत कधी कोणी बसलंच नव्हतं.

मग छत्रीसाहेबाने मला बोलावलं. तीन घरं रविवारच्या विमानाने मायदेशी परत जाणार होती. काम समजावून झाल्यावर त्याने दार लावलं, कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात म्हणाला, पहिल्या खोक्याची यादी आधी मला दाखवायची. आणि तुमचं मतही सांगायचं.

मला गंमत वाटली. हे खोटं का सांगू? इतक्या मोठ्या सरकारला माझं मत हवंय, याचा आनंदच झाला. बोलता बोलता तो माणूस दोनदा दाराची कडी तपासून आला, हे मी पाहिलं होतं. पण प्रेक्षक मिळाला की मला बाकीचं दिसत नाही.

पहिलं घर एका म्हाताऱ्या सल्लागाराचं होतं. तो रडत होता, का ते विचारायची सोय नव्हती. त्याच्या खोक्यात जुन्या सपाता, चहाचे डाग पडलेले पेले, बायकोचा फोटो. मी खाली येऊन म्हणालो, हा मनापासून जातोय.

दुसरं घर त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. तारखोलीतला कारकून, म्हणजे गुप्त संदेश घेणारा-पाठवणारा. आम्ही त्याला तारबाबू म्हणायचो. चाळिशीचा, एकटा, गोल चेहऱ्याचा. प्रत्येकाला दोन्ही हात जोडून नमस्ते करायचा, लिफ्टलासुद्धा करेल असा. त्याचा पहिला खोका टेबलावर तयार होता, आणि त्यातलं सगळं नवं होतं. किटलीवर स्टिकर, कप कागदात गुंडाळलेले, टॉवेलाची दुकानातली घडीही मोडलेली नाही. मी यादीत 'नवे, नवे, नवे' लिहीत गेलो. खाली छत्रीसाहेबाने मान वर केली. मी हसत म्हणालो, "सर, ये तो पूरा शोरूम है." मग त्याला हिंदी येत नाही हे आठवून तेच इंग्रजीत सांगितलं, जास्त रंगवून.

तो हसला नाही. त्याने यादीची एक प्रत घेतली, मला धन्यवाद दिले.

बांधून झालेले खोके आम्ही गोदामात नेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेलं सामान घ्यायला गेलो, तर तारबाबूचं दार बंद, बाहेर सील. चौकीदाराने हरपालला सांगितलं की काल दुपारी चार माणसं आली, त्याला मधे घालून गाडीत बसवलं आणि विमानतळावर नेलं. हातात काही नव्हतं. चपलाही घरातल्याच होत्या.

हरपाल जिन्यात बसला. त्याने बिडी काढली आणि परत खिशात ठेवली. मग मला विचारलं, "साहब, आपने नीचे क्या बोला था?"

मी काय बोललो होतो ते सांगितलं.  पानिपतचा विनोद त्याने त्या दिवशी केला नाही, पुढे कित्येक दिवस केला नाही.

पद्धत अशी होती, हे मला तेव्हा उमगलं. ज्यांच्यावर विश्वास होता त्यांना रविवारच्या विमानापर्यंत मोकळं ठेवायचं, आणि ज्यांच्यावर नव्हता त्यांना त्याच दिवशी उचलायचं. तिकडून रोज वेगळा साहेब विचारत होता, तुमच्यातले कोण भरवशाचे? छत्रीसाहेबाकडे उत्तर नव्हतं. उत्तर दिलं नसतं तर त्याचाच नंबर लागला असता. भ्यालेला माणूस पोपटवाल्यालाही विचारतो. याला मी सापडलो होतो.

तिसरं घर बाकी होतं, आणि ते आजच होतं.

वकिलातीतला दुसरा सचिव, म्हणजे सेकंड सेक्रेटरी, आणि त्याची बायको, त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. नवरा उंच, बुजरा, कमी बोलणारा. बायकोला आम्ही सरोजिनीबाई नाव ठेवलं होतं, कारण ती सरोजिनी नगरच्या बाजारात हिंदी शिकली होती. मी त्याच सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलो, तिथल्या दुकानदारांना हरवणं सोपं नाही. ती हरवायची. "भैया, ठीक लगाओ, मैं रोज़ की ग्राहक हूँ," असं ती म्हणायची, आणि ती रोजचीच होती.

छत्रीसाहेब बाहेरच्या पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसला होता, छत्री मांडीवर आडवी. चौदा खोके झाले. शेवटचा राहिला. मी स्वयंपाकघरात गेलो. टेबलावर तिने पहिला खोका मांडून ठेवला होता.

सगळं नवं.

मी मंडळाच्या नाटकांत तीस वर्षं कामं केली आहेत. प्रॉपर्टी लांबून ओळखतो. ती किटली चहासाठी नव्हती, ती प्रेक्षकांसाठी होती. माझा तो सिद्धांत म्हणजे चहापानाच्या दिवसापासून वकिलातीच्या वसाहतीतला सगळ्यांचा विनोद झाला होता, हे मला नंतर कळलं. तिने अर्धाच ऐकला असावा: खरंच जाणारा माणूस पहिला खोका नीट भरतो. कशाने, ते ऐकलं नव्हतं.

 मी वही ओट्यावर ठेवली. ती दारात नवऱ्याला उभं करून माझ्याजवळ आली, आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात बोलली. छत्रीसाहेबाला हिंदी येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"भैया, कल ऊपरवाले को ले गए. इनका भाई भी नहीं मिल रहा, वो चौक में था. हम वहाँ उतरेंगे तो बाहर नहीं निकलेंगे."

मी टेबलावरच्या नव्या किटलीकडे पाहिलं. 

"आपने उसका डिब्बा देखा था," ती म्हणाली. "मेरा भी देख लो. इसमें क्या कमी है, बताओ."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती खरंच विचारत होती, जाणकाराला विचारतात तसं.

"मॅडम," मी म्हणालो, "ये सब दुकान का है."

तिला लगेच समजलं. आम्ही दोघांनी मिळून ते टेबल पाच मिनिटांत बदललं, आणि नाटकाच्या दोन अंकांमध्ये रंगमंचावर चालतात तसे आमचे हात चालत होते. नवी किटली गेली, बुड करपलेलं चहाचं भांडं आलं. साबणाची वडी गेली, मोरीतली झिजलेली चकती आली. नवऱ्याच्या पायातल्या सपाता काढल्या. तो बिचारा मोज्यांवर उभा राहिला. चहाचा उघडा पुडा आला, रबर लावलेला. हरपालने मला काही विचारलं नाही. तो दाराशी गेला आणि रिकाम्या खोक्यावर टेप ओढायला लागला, कर्र कर्र, एकावर एक, आमचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

मग मी वहीत लिहिलं. जुने. जुने. जुने. आणि हाक मारली.

छत्रीसाहेब आत आला. त्याने एकेक वस्तू उचलून पाहिली. चहाचं भांडं नाकाशी नेलं. सपातेत बोटं घालून टाच चाचपली. सरोजिनीबाई ओटा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा. मला वाटलं, झालं. आणि तो म्हणाला, तिकडे बर्फ पडायला लागलंय. यांचे कोट कुठे आहेत?

कोट चौदा नंबरात होते, तळाशी. चौदा नंबर जहाजाने जाणार होता आणि पोचायला दोन-तीन महिने लागणार होते. रविवारी बर्फात उतरणारा माणूस कोट जहाजाने पाठवत नाही. मी स्वतः ते आत जाताना पाहिले होते, नव्हे, यादीत लिहिले होते.

नवऱ्याने डोळे मिटले.

रंगमंचावर कोणी वाक्य विसरलं की दुसऱ्याने बोलायचं असतं, काहीही. मी वही ओट्यावर आपटली आणि हरपालवर ओरडलो. कोट हातात न्यायचे म्हणून बाजूला ठेवायला सांगितलं होतं ना, चौदात कसे गेले, किती वेळा तेच तेच सांगायचं, उद्यापासून कामावर येऊ नकोस. इंग्रजीतही ओरडलो, साहेबाला समजावं म्हणून. तोंड लाल झालं होतं, त्यासाठी अभिनय करावा लागला नाही.

हरपालने आयुष्यात चुकीचा खोका भरलेला नाही. हे त्याला, मला आणि आमच्या सगळ्या माणसांना ठाऊक आहे. त्याची पोरं समोर उभी होती. त्याने मान खाली घातली.

"गलती हो गई, साहब."

त्याने चौदा नंबर फाडला, कोट काढले, झटकले आणि सरोजिनीबाईच्या हातात दिले. छत्रीसाहेबाने दोन्ही कोटांचे खिसे चाचपले. मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, तुमचं मत?

मी म्हणालो, "हे मनापासून जातायत."

त्याने सही केली.

रविवारी ते विमानात चढले नाहीत. कुठे गेले, कसे गेले, मला माहीत नाही, तेव्हाही नव्हतं. सोमवारी छत्रीसाहेबाने बोलावलं. नळ सोडला नाही. एवढंच म्हणाला, तुम्ही कधी चुकत नाही म्हणाला होतात. मी म्हणालो, मलाही तसंच वाटत होतं. त्याने मला जाऊ दिलं. का, ते मी आजवर स्वतःला शंभर तऱ्हांनी समजावलंय. त्या वकिलातीचं काम आमच्या कंपनीकडून गेलं. पंधरा दिवसांनी छत्रीसाहेबही दिसेनासा झाला. त्याचं सामान बांधायला आम्हाला कोणी बोलावलं नाही.

तिकडे अखेर सेनापती जिंकले. वकिलातीत नवी माणसं आली, भिंतीवर नवा फोटो लागला. मी दोन महिने दाराची बेल वाजली की दचकायचो. अलका सगळं ऐकून एकच बोलली, "हे कुणाला सांगू नका हो." मी सांगितलं नाही. मला ते जमतं हे तिला खरं वाटेना.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी परदेशी नंबरावरून फोन आला. "भैया, पहचाना?" मी ऑफिसात खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. ती बरी होती, नवराही बरा होता. कुठे आहेत ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण आनंद मला आवरेना. मी तिलाच तिच्या स्वयंपाकघरातला तो प्रवेश पुन्हा करून दाखवायला लागलो, छत्रीसाहेबाचा आवाज काढून. ती हसत होती. त्या भरात मी म्हणालो, तारबाबूला मात्र वाचवता आलं नाही. त्यालाही पळायचं होतं, आणि त्याचाही खोका नवाकोरा होता.

ती हसायची थांबली.

"नहीं भैया. वो तो जा रहा था."

मी म्हणालो, मॅडम, मी पाहिला होता खोका.

"उसकी माँ को नया फ्लैट मिला था," ती म्हणाली. "पुराना मकान सरकार ने गिरा दिया. माँ के पास कुछ नहीं था. वो सब माँ के लिए था. केतली का रंग मुझसे पूछकर लिया था, हम साथ गए थे बाज़ार."

पुढे ती काय बोलली ते मला ऐकू आलं, पण आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या वकिलातीत गेलो. अलकाला सांगून गेलो, ती फक्त फोन चालू ठेवा म्हणाली. खिशात तारबाबूच्या यादीची आमची प्रत होती. खाली त्याची सही, आणि सहीशेजारी त्याने काढलेले दोन जोडलेले हात, लहान मुलाने काढावेत तसे. खिडकीशी एक तरुण अधिकारी होता, गुळगुळीत दाढी केलेला, चांगलं इंग्रजी. मी त्याला सांगितलं की दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या एका कर्मचाऱ्याबद्दल चुकीचं मत दिलं होतं. मला ते दुरुस्त करायचंय. तो माणूस घरी जायलाच निघाला होता. त्याचे बावीस खोके अजून आमच्या गोदामात आहेत, ते त्याच्या आईकडे पोचवायला हवेत.

त्याने नाव विचारलं. मी सांगितलं. त्याने संगणकात पाहिलं, आत जाऊन आला.

"या नावाचं इथे कधी कोणी नव्हतं," तो म्हणाला.

मी कागद काढून काचेला लावला. नाव, पद, वकिलातीचा पत्ता, खाली सही. त्याने तो वाचला, शेवटपर्यंत. मग खिडकीखालच्या फटीतून हात बाहेर काढला, तळवा वर.

"तो कागद माझ्याकडे द्या."

मागच्या दारात आणखी एक जण येऊन उभा राहिला होता.  मी कागदाची घडी घातली, परत खिशात ठेवली, आणि गेटपर्यंतचं अंतर मागे न बघता चालत गेलो.